दूरस्थांची उपस्थिति

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या भाषेंत ‘आभासी’ हें विशेषण फारच स्वस्त झालें आहे. आभासी सभा, आभासी संमेलन, आभासी वर्ग, इतकेंच काय, आभासी लग्नहि! इंग्रजींतील ‘व्हर्च्युअल’ या शब्दास प्रतिशब्द म्हणून तो कोणीं तरी योजिला व बाकीच्यांनीं निमूटपणें पत्करला. परंतु मूळ शब्दाचा रोख जवळजवळ उलट आहे. जें रूपानें तसें नसून परिणामानें तसेंच आहे तें व्हर्च्युअल. आणि जें रूपानें तसें दिसतें पण वस्तुतः तसें नाहीं तो आभास. दोरीवर भासणारा साप आणि शिंपेवर भासणारी चांदी हीं आमच्या वेदान्त्यांचीं ठरलेलीं उदाहरणें. दिवा आणला कीं साप नाहींसा होतो. पण पुण्याच्या सभागृहांत चाललेलें व्याख्यान शिकागोस बसून ऐकणाऱ्या गृहस्थाच्या खोलींत कितीहि दिवे आणले तरी तें व्याख्यान नाहींसें होत नाहीं. तें त्याला पटतें, खटकतें, क्वचित् झोंपहि आणतें. असें असतां त्या सभेस आभासी म्हणणें म्हणजे खटला उभा राहण्यापूर्वींच निकाल देणें होय.

निकाल चुकीचाच आहे असें मात्र आम्ही एवढ्यावरून म्हणत नाहीं. जो मनुष्य शरीरानें तेथें नाहीं, परंतु जें चाललें आहे तें चाललें असतांनाच पाहतो व ऐकतो, त्याला त्या समारंभास ‘उपस्थित’ म्हणावें कीं नाहीं. आणि म्हणावयाचें झाल्यास समारंभ घडवून आणणारावर त्याच्या संबंधानें कोणतें ऋण येतें, हा आमच्या मतें खरा प्रश्न. २०२० सालच्या मार्च महिन्यांत देशभर टाळेबंदी झाली आणि ज्या संस्थांनीं आपल्या हयातींत कॅमेऱ्याचें तोंड फारसें पाहिलें नव्हतें त्यांनाहि आपल्या व्याख्यानमाला, वार्षिक सभा व शोकसभा पडद्यावर न्याव्या लागल्या. संकट सरलें तरी पद्धति राहिली. आज लहानशा वाचनालयाचा वर्धापनदिनहि ‘लाइव्ह’ दाखविला जातो. व्यवस्थापक मंडळींत चर्चा होते ती यंत्रांची: कॅमेरे किती, जोडणी कोणत्या कंपनीची, यूट्यूब बरें कीं फेसबुक. आपण कोणाला काय वचन देत आहों, याची चर्चा आमच्या कानीं क्वचितच पडते.

दुरून ऐकण्याची ही सोय मुळांत वाटते तितकी नवी नाहीं. १८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्प्रदर्शनांत क्लेमां आदेर या फ्रेंच यंत्रज्ञानें ऑपेराच्या रंगभूमीवर टेलिफोनचीं यंत्रें मांडून तेथील गायन प्रदर्शनांत जमलेल्यांस ऐकविलें होतें. दोन कानांना दोन निराळीं श्रवणयंत्रें असल्यामुळें गाणारा कोणत्या बाजूस आहे हेंहि कळे. १९२७ च्या जुलैंत मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. परंतु या इतिहासांत आम्हांस सर्वांत बोलका वाटतो तो १२ नोव्हेंबर १९४७ चा प्रसंग. फाळणींत घरदार गमावलेले निर्वासित कुरुक्षेत्राच्या छावणींत पडले होते. दिवाळीचा दिवस होता. गांधीजींना तेथें जातां आलें नाहीं, म्हणून ते दिल्लीच्या नभोवाणी केंद्रांत गेले आणि तेथून छावणींतल्या लोकांशीं बोलले. तो दिवस आतां ‘सार्वजनिक प्रसारण दिन’ म्हणून पाळण्यांत येतो. त्या भाषणांतलें एक वैशिष्ट्य सहसा कोणी सांगत नाहीं. नभोवाणी कोणालाहि ऐकूं येत होती. तरी बोलणें कोणासाठीं आहे हें पक्कें ठरलेलें होतें. दूरस्थाला उद्देशून बोलणें आणि समोरच्यांशीं बोलत असतां दूरस्थाला तें ऐकूं देणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजकालच्या बहुतेक प्रक्षेपणांत दुसरी घडते आणि जाहिरात पहिलीची असते.

अशा चर्चेंत संजयाचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. हस्तिनापुरांत बसून कुरुक्षेत्रावरचें युद्ध क्षणोक्षणीं सांगणारा तो आद्य निवेदक, अशी सर्वसाधारण समजूत. भीष्मपर्व उघडून पाहणारास मात्र निराळेंच दिसतें. व्यासांनीं दिव्य दृष्टि प्रथम धृतराष्ट्रालाच देऊं केली होती. स्वजनांचा वध डोळ्यांनीं पाहावयाचा नाहीं, ऐकेन मात्र, असें त्यानें सांगितलें, म्हणून ती संजयास मिळाली. पुढें संजय धांवत येतो तो एकदम भीष्म पडल्याची वार्ता घेऊन, म्हणजे युद्धाच्या दहाव्या दिवशीं. आणि मग राजाच्या प्रश्नावरून पहिल्या दिवसापासूनची हकीकत सांगूं लागतो. सारी गीता धृतराष्ट्राच्या कानीं पडली ती त्यानंतर! तेव्हां ज्याला आपण पहिलें थेट प्रक्षेपण समजतों तें वस्तुतः मागाहून ऐकविलेलें मुद्रण होय. त्यामुळें राजाचें ज्ञान कांहीं उणें झालें नाहीं आणि शोकहि उणा झाला नाहीं. उणी झाली ती एकच गोष्ट. पहिल्या दिवशीं ऐकलें असतें तर “थांबवा” म्हणण्याला जागा होती. दहाव्या दिवशीं ती नव्हती.

आतां आमच्या यंत्रांतल्या विलंबाकडे पाहूं. ‘स्ट्रीम’ या शब्दामुळें प्रक्षेपण अखंड धारेसारखें वाहत असेल अशी कल्पना होते. प्रत्यक्षांत तें तुकड्यांनीं जातें. पुष्कळ ठिकाणीं चालणाऱ्या पद्धतींत सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाडून ते सर्व्हरवर ठेवितात, आणि पाहणाराचें यंत्र मध्येंच खंड पडूं नये म्हणून निदान तीन तुकडे मागें राहून दाखवावयास लागतें. अठरा सेकंद तेथेंच गेले. वाटेंतला वेळ निराळा. हें अंतर कमी करणाऱ्या युक्त्या निघाल्या आहेत, परंतु जितकें अंतर कमी तितका खंड पडण्याचा धोका अधिक. मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहणाराला याचा अनुभव असतोच: शेजारच्या घरांतून आरोळी अगोदर येते आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धांवतच असतो. मग हें थेट कसें, असें कोणी विचारील. पण त्या न्यायानें सभागृहांत तरी शुद्ध तात्कालिकता कोठें आहे? ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो; ३४ मीटरांवर बसलेल्या श्रोत्यास गवयाचा स्वर एक दशांश सेकंद उशिरां पोंचतो, आणि त्याला अनुपस्थित कोणी म्हणत नाहीं. उलट गवई एका शहरीं व तबलजी दुसऱ्या शहरीं बसवून पाहा. सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याएवढा उशीर झाला तरी लय डळमळूं लागते. आणि रोजच्या व्हिडिओ कॉलमध्यें उशीर याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे किती विलंब क्षम्य, हें घड्याळ पाहून ठरत नाहीं. त्या विलंबामुळें काय करतां येत नाहींसें होतें, यावरून तें ठरतें.

समारंभ जिवंत असतो तो दोन कारणांनीं, असें आम्हांस वाटतें. एक, तो फसूं शकतो. दुसरें, ऐकणाराच्या असण्यानें त्यांत फरक पडूं शकतो. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळांत प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत, नट तेंच पद पुन्हां निराळ्या ताना घेऊन म्हणे आणि खेळ पहाटेपर्यंत लांबे. मैफिलींत समेवर चार माना हलल्या कीं गवयाची पुढची आवर्तनें बदलतात. कीर्तनकार तर समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून आख्यान आटोपतें घेतो किंवा लांबवितो. पडद्यापलीकडच्या रसिकाचा वन्स मोअर वीस सेकंदांनीं येऊन पोंचेल तेव्हां रंगभूमीवर दुसरा प्रवेश लागलेला असेल. त्याची मान हलते ती कोणालाच दिसत नाहीं. टाळेबंदीच्या दिवसांत रिकाम्या खुर्च्यांपुढें गाणाऱ्या कलावंतांचें दुःख होतें तें हेंच. ऐकणारे हजारों असत, पण त्यांतला एकहि गाण्यांत शिरूं शकत नसे.

यावर एक सबळ आक्षेप निघतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ रोजीं आपलें कामकाज थेट दाखविण्यास तत्त्वतः मान्यता दिली, आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांपुढील सुनावण्या प्रत्यक्ष दिसूं लागल्या. न्यायालयांत बसलेल्या प्रेक्षकालाहि बोलण्याची मुभा नसते; मग घरीं बसून पाहणारा त्याच्याहून कोणत्या अर्थानें कमी उपस्थित? आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्यामुळें आमचें म्हणणें थोडें दुरुस्त करावें लागतें. उपस्थितीचे दोन प्रकार मानले पाहिजेत: भागीदाराची व साक्षीदाराची. साक्षीदार कांहीं करीत नाहीं. परंतु तो पाहत आहे ही जाणीव न्यायासनावर बसलेल्यास असते, आणि उघड्या न्यायालयाचें सारें सामर्थ्य त्या जाणिवेंत आहे. त्याची उपस्थिति मुकी असली तरी परिणामशून्य नव्हे.

पण साक्षीपणाचें ओझेंहि आहे. १५ मार्च २०१९ रोजीं न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथें मशिदींत प्रार्थनेस जमलेल्यांचें हत्याकांड मारेकऱ्यानें फेसबुकवरून थेट दाखविलें. त्या कंपनीनेंच पुढें प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें प्रक्षेपण चालू असतां तें दोनशेंहून कमी वेळां पाहिलें गेलें, आणि तेवढ्या अवधींत एकाहि पाहणारानें तक्रार केली नाहीं. पहिली तक्रार आली ती सुरुवातीनंतर २९ मिनिटांनीं, म्हणजे प्रक्षेपण संपून १२ मिनिटें झाल्यावर. पुढच्या चोवीस तासांत त्याच्या पंधरा लाख प्रति काढून टाकाव्या लागल्या. ते पाहणारे काय समजत होते, कोण होते, हा तर्क आम्ही करीत नाहीं. दार उघडून देणाऱ्या कंपनीस आंत काय चाललें आहे हें पाहण्याचें कर्तव्य होतें, हें तर उघडच आहे. पण ‘मी येथें नाहींच, मी फक्त पाहतों आहें’ ही समजूत किती सोयीची आणि किती घातक असूं शकते, याचें याहून भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां व्यवस्थापकांच्या ऋणाकडे वळूं. पहिलें ऋण सत्याचें. २००८ च्या ऑगस्टमध्यें बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनास आकाशांत पावलांच्या आकाराच्या आतषबाजीची रांग चालत येत असल्याचें जगभर ‘थेट’ दिसलें. त्यांतील बराचसा भाग अगोदर संगणकावर तयार करून मध्यें घातलेला होता. त्याच समारंभांत एक मुलगी गातांना दिसली व आवाज दुसऱ्याच मुलीचा होता. कोणाचें काय बिघडलें, असें विचारणारे तेव्हांहि होते. बिघडलें तें हें कीं, फसण्याचा संभव काढून घेऊन त्याच्या रोमांचाची किंमत मात्र वसूल केली. मुद्रण करणें यांत पाप नाहीं. अमेरिकेंतील मोठीं नभोवाणी-जाळीं एके काळीं मुद्रित कार्यक्रमांस मज्जाव करीत, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या श्रोत्यांसाठीं नटांना तोच खेळ कांहीं तासांनीं पुन्हां करावा लागे. बिंग क्रॉस्बी या गायकानें या जाचास कंटाळून १९४६ सालीं जाळेंच बदललें आणि आपला कार्यक्रम मुद्रित करण्याची सवलत मिळविली. त्यानें तें उघडपणें केलें. आणि नांव घेण्याजोगा फरक तेवढाच आहे. एका संस्थेनें महिन्यापूर्वीं मुद्रित केलेलें व्याख्यान ‘थेट’ म्हणून दाखविलें असतां आम्हीं श्रद्धेनें प्रश्न लिहून पाठविला होता. “वेळेअभावीं वक्त्यांस उत्तर देतां येत नाहीं,” असें लेखी उत्तर आलें. वक्ते त्या वेळीं दुसऱ्या गांवीं दुसरें व्याख्यान देत होते!

दुसरें ऋण परतीच्या वाटेचें. येथें कायदा आमच्या साहित्यसंस्थांच्या पुढें आहे, हें कबूल करावें लागतें. २०१३ च्या कंपनी कायद्यानें संचालकांस दृक्श्राव्य साधनांनीं सभेस हजर राहण्याची मोकळीक दिली ती, त्यांचा सहभाग ओळखतां व नोंदतां आला पाहिजे, या अटीवर. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत भागधारकांच्या सभाहि तशा भरविण्यास परवानगी मिळाली तेव्हां दुरून आलेल्यांची गणसंख्येंत गणना व्हावी, त्यांना प्रश्न विचारतां यावे, आणि सभेचें दार वेळेपूर्वीं निदान पंधरा मिनिटें उघडावें, असें सरकारी परिपत्रकांत लिहिलेलें होतें. नफ्यातोट्याच्या सभेस जें साधतें तें वाङ्मयाच्या सभेस कां साधूं नये? याकरितां फार यंत्रें लागत नाहींत. एक माणूस लागतो. त्याचें काम कॅमेऱ्याकडे पाहण्याचें नसावें. दूरस्थांनीं काय लिहिलें, कोणाला ऐकूं येत नाहीं, कोणाचा प्रश्न राहिला, हें पाहून त्यांच्या वतीनें सभेंत हात वर करण्याचें असावें. त्याला दूरस्थांचा वकील म्हणा. आम्ही पाहिलेल्या बहुतेक समित्यांत हारतुऱ्यांसाठीं एक स्वतंत्र गृहस्थ असतो. हा वकील मात्र नसतो.

बाकीचीं ऋणें लहान, पण रोज चुकणारीं आहेत. चित्र अडखळलें तरी श्रोता सोसतो, आवाज अडखळला कीं उठून जातो. तरीहि आवाज ध्वनिक्षेपकाच्या यंत्रांतून सरळ न घेतां वीस हात दूर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या कानांवर सोंपवितात, आणि दूरस्थाला व्याख्यानापेक्षां पंख्याची घरघर अधिक स्पष्ट ऐकूं येते. तालीम दुपारीं घेतात आणि सभा असते रात्रीं आठ वाजतां, जेव्हां सारी आळी त्याच तारेवर चित्रपट पाहत असते. दुसऱ्या कंपनीची जोडणी हाताशीं ठेवणें हा पैशाचा अपव्यय वाटतो, पण पुष्पगुच्छांचा वाटत नाहीं. दीपप्रज्वलनाचीं पंधरा-वीस मिनिटें दूरस्थांस केवळ मान्यवरांच्या पाठी दिसतात. आणि वेळ? पुण्यांत सायंकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यांत लंडनला दुपारचा दीड, न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ आणि कॅलिफोर्नियांत पहाटेचे साडेपांच. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. दूरच्या मराठी माणसांची आठवण आपणांस आजच झाली असें नाहीं. पहाटे उठून बसलेल्यासमोर सभा पाऊण तास उशिरां सुरू करणें हें सभागृहांतल्या माणसाला ताटकळत ठेवण्याहून अधिक उद्धटपणाचें आहे. कारण सभागृहांतला निदान शेजाऱ्याशीं बोलूं शकतो. ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांच्याकरितां पडद्यावर अक्षरें उमटविण्याची सोय तर सभागृहापेक्षां येथेंच सुलभ आहे, आणि ती न करण्याला आतां आळसावांचून कारण दिसत नाहीं.

यावर ‘एवढें कोणासाठीं?’ असें विचारणारे पडद्यावरचा आंकडा दाखवितात. हजारों लोकांनीं पाहिलें, असें दुसऱ्या दिवशीं वृत्तांतांत छापून येतें. पाहिलें म्हणजे किती वेळ? त्या आंकड्यांत कोणी एक कटाक्ष टाकून निघून गेलेला असतो आणि कोणी वही घेऊन शेवटपर्यंत बसलेला असतो; दोघांचा भार सारखाच. रानड्यांनीं १८७५ सालीं पुण्यांत ज्या व्याख्यानमालेचा पाया घातला तिचा उद्देश डोकीं मोजणें हा नव्हता. शेवटपर्यंत बसलेले चाळीस दूरस्थ असतील तर ते चाळीसच आहेत असें धरून त्यांची व्यवस्था ठेवावी.

राहतां राहिली ती सर्वांत कठीण गोष्ट, जेथें शरीरानें जाणें हेंच कर्म आहे. वारी ही पाहण्याची नाहीं, चालण्याची. २०२० च्या आषाढांत पायीं दिंड्या बंद राहिल्या आणि संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस. टी. बसमधून पंढरीस गेल्या. लाखों वारकऱ्यांनीं तें घरांतून पाहिलें. कोणी म्हणाले, वारी घडली. कोणी म्हणाले, चुकली. आम्हांस विशेष वाटलें तें हें कीं, बसमध्यें बसून जें गेलें तेंहि मुळांत अनुपस्थिताचें चिन्हच होतें. भरतानें सिंहासनावर पादुका ठेविल्या तेव्हांपासून, दूर असलेला मनुष्य एका परीनें येथेंच आहे, हें मानण्याची संवय आपणांस आहे. पण भरतानें पादुका ठेवून राम आला असें मानलें नाहीं. चौदा वर्षें तो नंदिग्रामीं वाट पाहत राहिला. घरांत टाळ घेऊन पडद्यापुढें उभा राहिलेला, आणि पुढच्या वर्षीं चालावयास मिळेल कीं नाहीं या चिंतेंत असलेला वारकरी त्याच जातीचा.

त्याच दोन वर्षांत पुष्कळांनीं आईबापांचें शेवटचें दर्शन मोबाइलवर घेतलें. मुलगा परदेशांत, विमानें बंद. स्मशानांत चारच माणसें, आणि त्यांतल्या एकाच्या हातांत फोन. अशा मुलाला ‘तूं तेथें नव्हतास’ असें म्हणण्याचें धैर्य आमच्यांत नाहीं. ‘तूं तेथें होतास’ असें म्हटलें तर तो स्वतःच मान हलवील. पण आमचें लक्ष वारंवार जातें तें फोन धरणाऱ्याकडे. त्याला नमस्कारासाठीं दोन्ही हात जोडतां येत नव्हते. चित्र हलूं नये म्हणून त्याला रडूं आवरावें लागत होतें. काय दाखवावें, कोठें फोन किंचित् वळवावा, अग्नि दिल्यावर किती वेळ धरून ठेवावा, हें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें आणि विचारावयास वेळ नव्हता. पलीकडून “अजून थोडं,” एवढेंच ऐकूं येत होतें, तेंहि कांहीं क्षण उशिरां, आणि तो हात न हलवितां उभा होता.